बायोप्सीची डबी दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत नेमकं काय होतं?

अनघा_सहकारनगर
सर्जन गाठीचा तुकडा काढतो, डबीत घालतो आणि नातेवाइकांच्या हातात देतो. नातेवाईक ती पिशवीत घालून टिळक रोडवरच्या लॅबमध्ये पोचवतात. पुढचे पाच-सहा दिवस सगळ्या घराचे डोळे फोनकडे. रिपोर्ट येतो तो दोन पानी, इंग्रजीत, आणि खाली सही अशा डॉक्टरची की ज्यांना पेशंटने पाहिलेलंही नसतं. केमो लागणार का, पुन्हा ऑपरेशन करायचं का, हे मात्र त्या सहीवर ठरतं.

संस्थळाच्या आरोग्य विभागात यावर तुटक प्रश्न सारखे येतात, म्हणून एकत्र धागा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) संध्याकाळपर्यंत येते, मग बायोप्सीला इतके दिवस का? मधल्या काळात आपल्या बाजूने काय बिघडू शकतं? आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं?

माझं मत: पॅथॉलॉजिस्टने पेशंटशी थेट बोललं पाहिजे. जो निदान करतो त्यानेच ते समजावून सांगावं. जाणकारांनी लिहा.

नवीपेठकर
डबी घेऊन संध्याकाळी सहा वाजता टिळक रोडवरून दुचाकीने जाणं हीच त्यातली सगळ्यात धोकादायक प्रोसिजर.

निळीगुलाबी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, रोजचं काम आहे.

सीबीसीत मशीन सुट्या पेशी मोजतं. बायोप्सीत अखंड तुकड्याचे ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे काप हवे असतात, आणि ताजा तुकडा इतका मऊ असतो की तसा कापताच येत नाही. म्हणून आधी फॉर्मॅलिन, म्हणजे ऊती सडू न देता घट्ट करणारं द्रावण. ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड हवं, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. ते ऊतीत फार सावकाश शिरतं, तासाला जेमतेम मिलिमीटरच्या हिशोबाने. सुईने घेतलेल्या बारीक तुकड्यालाही सहा तास लागतात. अख्खा स्तन किंवा आतड्याचा भाग आला तर तो उघडून, काप देऊन रात्रभर ठेवावा लागतो.

मग ग्रॉसिंग. तुकडा मोजायचा, कडांना शाई लावायची म्हणजे नंतर स्लाइडवर ‘कड’ कोणती ते ओळखता येतं, आणि नेमक्या कोणत्या जागांचे तुकडे पुढे न्यायचे ते ठरवायचं. हा टप्पा रिपोर्टमध्ये चार ओळींचा दिसतो, पण इथे गाठीचा चुकीचा भाग निवडला तर पुढे कितीही चांगला सूक्ष्मदर्शक असो, उपयोग नाही.

निवडलेले तुकडे प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये घालून रात्रभर टिश्यू प्रोसेसरमध्ये जातात. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये पाणी निघतं, झायलीनमध्ये अल्कोहोल निघतं, मग साठेक अंशांवर वितळलेलं पॅराफिन मेण आत भरतं. सकाळी मेणाचा ब्लॉक बनतो, मायक्रोटोमवर कापतात, काप कोमट पाण्यावर पसरवून काचेवर उचलतात, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन लावतात. केंद्रकं निळी, बाकी गुलाबी. आयडीचं कारण कळलं असेलच.

म्हणजे सगळं सुरळीत झालं तर तिसऱ्या दिवशी दुपारी मी पहिली स्लाइड बघते. खोलवरचे काप हवे असले, क्षयासाठी झील-नील्सन स्टेन लागला किंवा आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रथिनं अँटिबॉडीने रंगवून ओळखायची चाचणी) करायची ठरली, तर प्रत्येकाचा एक-दोन दिवस वाढतो. हाडाचा तुकडा असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, ते आणखी वेगळं.

कॅसेट_तात्या
मॅडमनी लॅबच्या आतलं सांगितलं, मी दारापर्यंतचं सांगतो. वीस प्रकारे बिघडतं, नेहमीचे प्रकार हे:

फॉर्मॅलिन कमी. तुकड्याच्या किमान दहापट हवं. तुकडा डबीत कोंबून वर दोन चमचे ओतलेलं असलं की तो कच्च्या बटाटेवड्यासारखा होतो, बाहेरून तयार आणि आत कच्चा. आतल्या पेशी सडलेल्या मिळतात.

अरुंद तोंडाची बाटली. मऊ गर्भाशय दाबून आत जातं, फॉर्मॅलिनमध्ये कडक होतं आणि बाहेर येत नाही. मग बाटली कापा. रुंद तोंडाची डबी घ्या, मेडिकलमध्ये मिळते.

सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात पाठवणं. एप्रिलच्या उन्हात डिकीत दोन तास ठेवलेल्या सलाइनमधल्या तुकड्यातून काय वाचणार?

फ्रीजरमध्ये ठेवणं. ‘खराब होऊ नये म्हणून’ घरच्या फ्रीजरमध्ये ठेवतात. बर्फाचे कण पेशी फाडतात. फॉर्मॅलिनमधली डबी साध्या खोलीत ठेवा, पुरे.

नाव झाकणावर लिहिणं. झाकणं बदलली जातात. नाव, वय, कुठल्या बाजूचा कुठला भाग, हे डबीच्या अंगावर हवं. दोन जागांचे तुकडे दोन डब्यांत. एकाच डबीत घातले तर कॅन्सर कुठल्या तुकड्यात होता ते कुणीच सांगू शकत नाही.

आणि डबी उघडून हुंगू नका. डोळे झोंबतात, वाफ वाईट असते. झाकण घट्ट लावून झिपच्या पिशवीत, उभी.

मानसी_औंध
तात्या, हे सगळं हॉस्पिटलने बघायला नको का? नातेवाइकाला काय कळतंय सलाइन की फॉर्मॅलिन?

कॅसेट_तात्या
बघायलाच हवं. पण विचारायला काय जातं? ‘यात फॉर्मॅलिन आहे ना?’ एवढं एक वाक्य.

टाके_आणि_गाठी
थांबा. सगळं फॉर्मॅलिनमध्ये टाका असा अर्थ कुणी काढू नका, त्यानेही घोळ होतो. मी सर्जरीच्या बाजूचा.

मानेतली गाठ घ्या. आपल्याकडे त्यात क्षय आणि लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) या दोन्ही शक्यता कायम असतात. अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकली की जंतू मेले, कल्चर गेलं, आणि औषधांना दाद न देणारा क्षय आहे का हे कळण्याची सोपी वाट बंद झाली. म्हणून एक भाग निर्जंतुक डबीत, सलाइनमध्ये, सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी. लिम्फोमाचा संशय असेल तर फ्लो सायटोमेट्रीसाठीही (मशीनवर पेशींचा प्रकार ओळखायची चाचणी) ताजा भाग लागतो. उरलेला फॉर्मॅलिनमध्ये.

मूत्रपिंडाच्या बायोप्सीत एक धाग्यासारखा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा इम्युनोफ्लोरेसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगांची चाचणी) मिशेल्स मीडियम या वेगळ्या द्रावणात. फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन चालू असताना गोठवून तपासायला) तुकडा पूर्ण ताजा, कोरडा, धावत. यात नातेवाइकांनी निर्णय घ्यायचा नसतो. हे ऑपरेशनच्या आधी सर्जनने लॅबला फोन करून ठरवायचं असतं. फोन होत नाही, तिथे गडबड होते.

नवीपेठकर
फ्रोझन म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच कळतं ना? मग सगळ्यांचं तसंच करा की. सहा दिवसांचा प्रश्नच मिटला.

निळीगुलाबी
पेठकर, कळतं, पण ते तात्पुरतं उत्तर असतं. क्रायोस्टॅटमध्ये उणे २० ते २५ अंशांना तुकडा गोठवून काप घेतात, वीसेक मिनिटांत उत्तर देतात. पण गोठवल्यामुळे पेशी विद्रूप होतात आणि चरबी नीट गोठतच नाही, त्यामुळे चरबीयुक्त तुकड्यांचे काप फाटतात. ‘कड स्वच्छ आहे का’, ‘लिम्फ नोडमध्ये (लसीकाग्रंथीत) पसरलंय का’, ‘हवा तो भाग मिळाला का’ अशा ऑपरेशनची पुढची पायरी ठरवणाऱ्या प्रश्नांनाच ते वापरायचं. लिम्फोमाचा प्रकार किंवा थायरॉइडच्या गाठीने आवरण भेदलंय का, हे फ्रोझनवर विचारू नये. नुसती उत्सुकता म्हणून तर नाहीच, लहान तुकडा असेल तर त्यातच तो संपतो.

आता तुकड्यासोबत सर्जन पाठवतात त्या फॉर्मबद्दल लिहिते, कारण डबीइतकंच त्यावर अवलंबून असतं. ‘लम्प, राइट’ एवढं लिहिलेले फॉर्म रोज येतात. हाडाचा तुकडा एक्स-रेशिवाय वाचणं धोक्याचं. फ्रॅक्चर भरताना तयार होणारं नवं हाड स्लाइडवर ऑस्टिओसार्कोमासारखं (हाडाच्या कर्करोगासारखं) दिसू शकतं. जायंट सेल असलेली हाडातली गाठ खरी ट्यूमर की पॅराथायरॉइडच्या आजारातला ब्राउन ट्यूमर, हे स्लाइडवरून वेगळं करणं अवघड. रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन बघितलं की उलगडतं. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा असेल तर शेवटच्या पाळीची तारीख आणि हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, हे लिहिलंच पाहिजे. आधी केमो किंवा रेडिएशन झालं असेल तर तेही, कारण त्याने पेशी इतक्या बदलतात की माहिती नसेल तर दिशाभूल होते.

फाइलची झेरॉक्स आणि आधीचे रिपोर्ट डबीसोबत द्या. लॅबवाले ‘नको’ म्हणाले तरी द्या.

नवीपेठकर
फॉर्मवरचं सर्जनचं अक्षर वाचायला काही स्पेशल स्टेन असतो का?

टाके_आणि_गाठी
असतो. त्याला केमिस्ट म्हणतात.

खडूस_कोथरूडकर
पेशंटची माहिती किती महत्त्वाची, याचं आपल्याकडचंच उदाहरण. टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर लिहिलं, त्यात कंबरेला धोतर घट्ट आवळल्यामुळे त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग होता. नुसती स्लाइड बघून स्क्वॅमस सेल कार्सिनोमा एवढंच कळलं असतं, धोतर नाही.

आणि अनघाताई, तुमच्या मुख्य मताशी मी असहमत. पॅथॉलॉजिस्टने पेशंटला रिपोर्ट समजावू नये. त्यांनी पेशंट तपासलेला नसतो, स्कॅन पाहिलेले असतीलच असं नाही, हृदय-किडनी कशी आहे माहीत नसतं. ‘ग्रेड ३’ म्हटलं की घरचे विचारणार ‘किती दिवस?’ त्याचं उत्तर स्लाइडवर नसतं. बोलायचं ते पॅथॉलॉजिस्टने आणि ऑन्कॉलॉजिस्टने एकमेकांशी, ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळे तज्ज्ञ मिळून केस ठरवतात त्या बैठकीत.

अनघा_सहकारनगर
ट्यूमर बोर्ड मोठ्या हॉस्पिटलात. उपनगरातल्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये कुठला बोर्ड?

निळीगुलाबी
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. उपचार मी सांगणार नाही. पण ‘या रिपोर्टमधल्या या ओळीचा अर्थ काय’ हे विचारायला फोन केला तर सांगते, आणि सांगायला हवं. एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून करायची तपासणी) तर बऱ्याच ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट स्वतःच करतात, तिथे पेशंट समोरच असतो. गाठ हाताला कशी लागते, सरकते की चिकटलेली आहे, हे स्वतः बघितल्याने निदानात फरक पडतो.

मानसी_औंध
एफएनएसीवरून आठवलं. सुईने तपासून झाल्यावरही डॉक्टर परत बायोप्सी सांगतात. पैसे उकळायचा धंदा की खरंच गरज? आणि सुई लावली की गाठ पसरते म्हणतात ते?

टाके_आणि_गाठी
बहुतेक वेळा खरंच गरज. एफएनएसीत २२ ते २५ गेजच्या सुईने सुट्या पेशी ओढतात. पेशी वाईट आहेत का ते कळतं, रचना कळत नाही. स्तनात कर्करोग नलिकेतच आहे की बाहेर पडलाय, हे सुट्या पेशींवरून सांगता येत नाही, म्हणून १४ गेजच्या जाड सुईने अखंड तुकडा घ्यायची कोअर बायोप्सी. थायरॉइडला एफएनएसी उत्तम चालते, रिपोर्ट बेथेस्डा १ ते ६ असा येतो. १ म्हणजे पुरेशा पेशीच मिळाल्या नाहीत, तो ‘नॉर्मल’ नव्हे. पुन्हा करावी लागते. २ साधी, ६ कर्करोग. ४ मध्ये मात्र ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ यावर गाडी थांबते, कारण फॉलिक्युलर कर्करोग ठरतो तो गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का यावर. ते बघायला अख्खी गाठ काढून आवरण तपासावं लागतं.

पसरण्याची भीती: स्तन, थायरॉइड, मानेच्या गाठी यांत ती फारच किरकोळ आहे, त्यापायी निदान लांबवू नका. वृषणाच्या गाठीला बाहेरून सुई लावत नाहीत, अंडाशयापुरत्या मर्यादित संशयास्पद गाठीलाही टाळतात. ते कुठे टाळायचं हे डॉक्टरांना माहीत असतं.

रक्तबंबाळ
बायोप्सीवरच चाललंय सगळं. पुण्यात जुलै ते ऑक्टोबर, डेंग्यूच्या दिवसांत, लॅबचा फोन वाजतो तो प्लेटलेटसाठी. थोडं अवांतर.

प्लेटलेट मशीनवर ३५ हजार आल्या, पेशंटला ना ताप ना कुठे रक्तस्राव. घरचे रक्तपेढीकडे धावायच्या तयारीत. आधी विचारा: ‘स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) बघितला का?’ जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीन त्या गठ्ठ्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. पॅथॉलॉजिस्टला स्मिअरच्या कडेला गठ्ठे दिसतात. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजायचं आणि आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेटचं द्रावण असतं.

तसंच डेंग्यूची कुठली टेस्ट कधी. एनएस१ (विषाणूचं प्रथिन) पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम (शरीराने बनवलेली अँटिबॉडी) त्यानंतर. दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही.

आणि माझं आवडतं कोडं: पोटॅशियम १४, कॅल्शियम ३, पेशंट समोर बसून चहा पितोय. काय झालं?

नवीपेठकर
चहा अमृततुल्यचा असणार.

कॅसेट_तात्या
जांभळ्या नळीतलं रक्त साध्या नळीत ओतलं. ईडीटीए पोटॅशियमचं मीठ आहे म्हणून पोटॅशियम वर, आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून कॅल्शियम खाली. असा रिपोर्ट बाहेर सोडायचा नसतो, अडवून नवीन सँपल मागायचं.

रक्तबंबाळ
तात्या पास. रक्त घरून नेलं तर साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइड नळी वापरतात का ते बघा. साध्या नळीत सीरम वेगळं न करता रक्त ठेवलं तर पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खातात. तीन तास पिशवीत फिरलेल्या सँपलने मधुमेही माणूस कागदावर बरा होतो.

अनघा_सहकारनगर
रक्तबंबाळ, वेगळा धागा काढा ना, छान होईल. इथे तिसरा प्रश्न राहिलाय: रिपोर्टमध्ये काय बघायचं?

निळीगुलाबी
पहिल्यांदा नाव, वय, बाजू. डावं-उजवं फॉर्मवर, डबीवर आणि रिपोर्टवर एकच आहे का. हसू नका, सगळ्यात आधी हेच.

मग ‘पाठवलेल्या तुकड्यात कर्करोग दिसला नाही’ हे वाक्य असेल तर ‘पाठवलेल्या तुकड्यात’ हे दोन शब्द नीट वाचा. मॅमोग्राफीवर बायरॅड्स ५ (कर्करोगाचा दाट संशय) आणि कोअर बायोप्सी निर्दोष, हे जुळत नाही. बहुधा सुई गाठीच्या शेजारून गेली. अशा वेळी सुटकेचा निःश्वास टाकून घरी जायचं नसतं, पुन्हा बायोप्सी करायची असते.

कर्करोगाचं पूर्ण ऑपरेशन झालं असेल तर प्रकार, ग्रेड, मिलिमीटरमध्ये आकार, कडा किती अंतरावर, रक्तवाहिन्या-लसीकावाहिन्यांत शिरलाय का, आणि किती लिम्फ नोडपैकी किती बाधित. मोठ्या आतड्यात किमान १२ नोड तपासलेले असावेत असा दंडक आहे. ‘०/४’ आलं तर ते शून्य फारसं विश्वासार्ह नाही. लॅबला विचारा, चरबीत आणखी नोड शोधता येतील का. काढलेला भाग लॅब काही काळ ठेवते, म्हणून हे लगेच विचारायचं.

स्तनात ईआर, पीआर (हॉर्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन), कारण औषध त्यांवर ठरतं. ईआर १ टक्का पेशींत जरी असला तरी पॉझिटिव्ह धरतात, १ ते १० ला ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात. हर-टू शून्य किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, २+ म्हणजे अजून ठरलेलं नाही, फिश टेस्ट (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) हवी. २+ वर उपचाराचा निर्णय घेऊन टाकू नका. आणि पसरलेल्या आजारात आता १+ लाही महत्त्व आलंय, त्यामुळे नुसतं ‘निगेटिव्ह’ न लिहिता आकडा लिहिलेला असावा.

कायदेपंडित
सहीबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालते. रिपोर्टवर नाव, पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) शिक्का असेल तर तो त्या विशिष्ट चाचणीला आहे का तेही विचारा, लॅबला मान्यता म्हणजे सगळ्या चाचण्यांना मान्यता नव्हे. नुसत्या डीएमएलटीवाल्याच्या (लॅब टेक्निशियनच्या) सहीचा रिपोर्ट घेऊ नका.

कॅसेट_तात्या
सही नको, मान्य. पण ४ मायक्रॉनचा काप घडी न पडता पाण्यावर उतरवतो तो डीएमएलटीवालाच. ‘नुसत्या’ हा शब्द मागे घ्या.

कायदेपंडित
घेतला.

मानसी_औंध
सेकंड ओपिनियन घ्यायचं तर पुन्हा बायोप्सी करावी लागते का? आणि पहिल्या लॅबला राग येतो म्हणतात.

निळीगुलाबी
पुन्हा टोचायची गरज नाही. मेणाचे ब्लॉक आणि काचा लॅबकडे असतात, लेखी अर्ज देऊन मिळतात. परळला टाटाला जाणार असाल तर ब्लॉक, स्लाइड आणि मूळ रिपोर्ट तिन्ही न्या. फक्त स्लाइड नेल्या तर तिथे आयएचसी करता येत नाही. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ होतं. स्लाइड प्लास्टिकच्या स्लाइड-बॉक्समध्येच. दिलेल्या ब्लॉकचे नंबर लिहून पोच घ्या, परत आणून द्या, पुढे वर्षांनी लागतात.

राग? लिम्फोमा, सार्कोमा, मेंदूच्या गाठी यांत आम्ही स्वतःच दुसऱ्याला दाखवतो.

खडूस_कोथरूडकर
उत्तम. आता सहावा दिवस उजाडला आणि रिपोर्ट नाही, तर लॅबला काय विचारायचं? ‘आला का, आला का’ करून उपयोग नसतो.

निळीगुलाबी
पावतीवरचा स्पेसिमेन नंबर सांगा आणि विचारा: स्लाइड झाली का, आयएचसी लागतेय का, कुठल्या ब्लॉकवर, त्याचे पैसे वेगळे भरायचेत का. पुष्कळदा रिपोर्ट अडतो तो यावरच. लॅब आयएचसीची परवानगी मागायला हॉस्पिटलला फोन करते, हॉस्पिटल नातेवाइकांना सांगायचं विसरतं, आणि तिन्हीकडचे लोक एकमेकांची वाट बघत बसतात.

कॅसेट_तात्या
एक राहिलं. स्तनाच्या तुकड्याला फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास, आणि काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत एक तासाच्या आत. नाहीतर ईआर, हर-टू खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. म्हणून काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ फॉर्मवर लिहायला लावा.

शनिवारी दुपारी काढलेला तुकडा, रविवार बंद, सोमवारी सुट्टी, की मंगळवारी संध्याकाळपर्यंत ७२ तास उलटले. आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असतात, सँपल नेणारा मुलगा पोचतच नाही. तारीख आपल्या हातात असेल तर सोमवार ते गुरुवारातली सकाळ मागून घ्या.

नवीपेठकर
तात्या, मेट्रोने डबी नेली तर चालेल का? सिक्युरिटीवाला विचारेल आत काय आहे.

कॅसेट_तात्या
फॉर्म दाखवा. उघडून दाखवू नका.